एकच अर्थ

ईश्वरी मगदूमला पहिला संशय आला तो आवळे सिस्टरांचा.

दुपारचे साडेबारा वाजले होते. तपासणीला आलेले पेशंट जेवायला बाहेर गेले होते. फायलींच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होत्या.

"सांगलीला जावा तुम्ही. मी नाव लिहून दिलंय ना, त्या डॉक्टरांकडं. आणि हे इथं कुणाला बोलू नका. मगदूम मॅडमना तर मुळीच नको."

फोन ठेवून त्यांनी समोरच्या फायलीतलं एक पान सपाट केलं, त्याचा फोटो काढला आणि फाईल जागच्या जागी ठेवून दिली. ईश्वरी आवाज न करता मागे फिरली. आपल्या टेबलाशी येऊन बसली. ज्या बाईनं आपल्याला या केंद्रात बोट धरून कामाला लावलं, तिला आपल्यापासून काय लपवायचंय?

मिरजेतल्या त्या केंद्रात नव्या औषधांच्या चाचण्या चालत. तयार असलेल्या पेशंटना औषध द्यायचं, दर काही आठवड्यांनी तपासायचं आणि त्यांना काय होतं, काय होत नाही, हे सगळं नोंदवायचं. ईश्वरी तिथली समन्वयक. पेशंट काय सांगतो आणि डॉक्टर काय लिहितात, ते चाचणीच्या संगणकात भरायचं हे तिचं मुख्य काम. वनस्पतिशास्त्र शिकून ती तीन वर्षांपूर्वी इथं आली, तेव्हा या कामाची भाषा तिला परकी होती. डॉक्टर अख्खी वाक्यं लिहीतच नसत. दोन अक्षरं, तीन अक्षरं, एखादा बाण, संपलं. आवळे सिस्टरांनी तिला एक जाड वही आणून दिली होती आणि त्या सांगतील तसं ती त्यात लिहीत गेली होती. तरीही संज्ञांच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नापास झाली असती तर घरी बसावं लागलं असतं.

नेमकी तेव्हाच पट्टी आली.

चाचण्या चालवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या प्रशिक्षण विभागानं ती पाठवली होती. कपाळावरून कानांमागे जाणारी, राखाडी रंगाची, हेअरबँडसारखी. त्यामागचं विज्ञान तसं नवं नव्हतं. आपण दिवसा जे शिकतो ते मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो, आणि त्या वेळी मेंदूत संथ लाटा उठतात, हे शास्त्रज्ञांना केव्हापासून ठाऊक होतं. पट्टी त्या लाटा मोजायची. सकाळी प्रत्येक संज्ञेबरोबर एक बारीक सूर ऐकवलेला असायचा. दुपारच्या चाळीस मिनिटांच्या डुलकीत, लाट चढणीला लागली की पट्टी नेमका तोच सूर कानात सोडायची, आणि मेंदू ती संज्ञा आणखी घट्ट गिरवायचा.

याला एक दुसरी बाजूही होती, ती माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिली होती. एकाच खुणेला दोन अर्थ असले की आठवताना ते एकमेकांशी झोंबतात आणि माणूस अडखळतो. त्यातला एक पुन्हा पुन्हा बळकट केला की दुसरा आपोआप मागे पडतो, दबतो. पत्रकात हा फायदा म्हणून छापला होता. वेग वाढतो, चलबिचल कमी होते.

एकोणीस दिवसांत ईश्वरीला साडेतीन हजार संज्ञा पाठ झाल्या. परीक्षेत तिला शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले. डॉक्टरांना ती लागत नव्हती. बाकी केंद्रात सगळ्यांनीच पट्टी घेतली होती आणि कामावर असताना ती कपाळावरच असे, एकट्या आवळे सिस्टर सोडून. त्यांच्या कानात शस्त्रक्रियेनं बसवलेलं श्रवणयंत्र होतं, त्यामुळे त्यांना पट्टी चालत नव्हती.

बदल पहिल्यांदा आईला जाणवला. "सकाळपासून पोटात नुसतं कालवतंय," ती एकदा म्हणाली.

"नॉशिया. ग्रेड वन," ईश्वरी ताटावरून मान वर न करता बोलून गेली.

आई तिच्याकडे बघत राहिली. "अगं, पूर्वी विचारायचीस तरी, कधीपासून, कसं होतंय. आता तुला सगळं आधीच माहीत असतं."

ईश्वरीला ते कौतुकच वाटलं होतं.

सिस्टर ज्या पानाचा फोटो काढत होत्या ते रशीद शिकलगारांचं होतं. रशीदचाचा सतारी बनवणारे. वय सहासष्ट. संधिवातानं बोटं वाकडी झाली आणि काम बंद पडलं, म्हणून ते नव्या गोळीच्या चाचणीत आले होते. गोळीनं जादूच केली. तिसऱ्या महिन्यात बोटं सरळ झाली आणि चाचा पुन्हा कानस धरून सतारीच्या तारांखालच्या घोडीवर जवारी काढायला बसले. सतारीचा आवाज जिथं ठरतो ते हे काम. कान लागतो आणि बोटाचं टोक लागतं.

सोळाव्या आठवड्याला ते म्हणाले होते, "ताई, तार बोटाला लागंना झालीया. दिसती, पण लागत न्हाई. हातमोजा घातल्यागत वाटतंय."

ईश्वरीनं भरलं : पॅरेस्थेशिया, ग्रेड वन. म्हणजे मुंग्या, सौम्य. केंद्राच्या डॉक्टर कित्तूरांनी चाचांना तपासलं आणि फायलीत आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं : दोन्ही हातांना मुंग्या, एनसीएस.

एनसीएस म्हणजे नॉट क्लिनिकली सिग्निफिकंट. वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगं नाही. हे आठवायला ईश्वरीला क्षणही लागला नाही. तिनं ती नोंद बंद केली होती.

मग डॉक्टरांनी जे क्षुल्लक ठरवलं, त्यासाठी सिस्टर पेशंटला गुपचूप सांगलीला का धाडत होत्या?

पुढचा आठवडाभर ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. सिस्टरांनी आणखी दहा फायली काढल्या. दरवेळी कुणी आलं की पान उलटायच्या. एकदा ईश्वरीनं सरळ विचारलं, "सिस्टर, काही शोधताय का? मी काढून देऊ?"

"तुला मिळायचं नाही ते," सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत त्यांनी फाईल मिटली.

ते बघणं ईश्वरीला झोंबलं. तिच्या मनात एकेक शंका पक्की होत गेली. दुसऱ्या एखाद्या औषध कंपनीला माहिती पुरवत असतील. पेशंट फोडत असतील. पट्टी मिळाली नाही म्हणून आकस धरला असेल. शनिवारी दुपारी तिनं प्रशिक्षण विभागाचा गोपनीय तक्रारीचा अर्ज उघडला आणि जे पाहिलं ते तारीखवार लिहून पाठवलं.

बुधवारी सिस्टरांना चौकशी होईपर्यंत रजेवर जायला सांगितलं. त्यांचा फोन तपासून फोटो पुसले. जाताना त्यांनी आपला डबा आणि छत्री घेतली. ईश्वरीच्या टेबलापाशी क्षणभर थांबल्या.

"तूच ना?"

ईश्वरी समोरच्या पडद्यावर नोंद भरत राहिली. त्या निघून गेल्या. चौतीस वर्षांची नोकरी झाली होती त्यांची.

त्यानंतर पाचेक आठवडे गेले. बाविसाव्या आठवड्याच्या तपासणीला रशीदचाचा आले ते उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधून. कानस बोटावरून फिरली होती आणि रक्त फरशीवर दिसेपर्यंत त्यांना पत्ता लागला नव्हता.

डॉक्टर कित्तूरांनी टाचणी घेतली आणि त्यांना डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकांपासून टोचत वर आले. मनगटापर्यंत चाचा "न्हाई, न्हाई," एवढंच म्हणत राहिले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी ईश्वरीकडे हात पुढे केला.

"एनसीएसचा रिपोर्ट द्या बघू."

"कसला रिपोर्ट, सर?"

"एनसीएसचा. मागच्या वेळी लिहिलं होतं ना मी?"

"हो. पण तुम्ही लिहिलं होतंत की दखल घेण्याजोगं नाही. नॉट क्लिनिकली..."

"काय बोलताय तुम्ही? दोन्ही हात बधिर होत असलेल्या माणसाला मी असं लिहीन?" डॉक्टरांचा आवाज चढला. "नर्व्ह कंडक्शन स्टडी! नसांमधून संदेश नीट जातोय का, त्याची तपासणी. या गोळीनं नसा खराब होतायत का ते बघायला नको? मी सहा-सात जणांना लिहिलंय हे. मला वाटलं रिपोर्ट यायला उशीर लागतोय."

ईश्वरीला त्यांचे शब्द ऐकू येत होते, पण ते आत कुठं टेकत नव्हते. नर्व्ह कंडक्शन स्टडी. तिला वाटलं, ही संज्ञा आपण आज पहिल्यांदाच ऐकतोय. तिला डॉक्टरांचाच संशय आला. चूक झाकायला आयत्या वेळी नवा अर्थ काढतायत की काय?

खात्री करायला तिनं कपाटाच्या तळाशी पडलेली जुनी वही काढली. एन अक्षराचं पान. तिथं तिच्याच हस्ताक्षरात, निळ्या शाईत लिहिलं होतं : एनसीएस – अर्थ दोन. एक, दखल घेण्याजोगं नाही. दोन, नसांची तपासणी. कुठला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरू नये. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

अक्षर तिचं होतं. रेघा तिच्या होत्या. ते लिहिल्याची तिला तिळभरही आठवण नव्हती.

ती पान हातात धरून तशीच बसली. विसरणं तिला माहीत होतं. विसरलेल्या गोष्टीची जागा रिकामी तरी लागते, काहीतरी होतं खरं, असं वाटतं. इथं रिकामी जागाच नव्हती. एकच अर्थ होता आणि तो इतका गुळगुळीत, इतका पक्का होता की त्याच्यावर शंका घ्यायला बोट रोवायला जागा नव्हती.

बाहेर बाकावर चाचा बसले होते. तिनं त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "चाचा, सिस्टरांनी तुम्हाला सांगलीला जायला सांगितलं होतं. गेला का नाहीत?"

चाचा ओशाळले. "सिस्टरबाई म्हणल्या, कुणाला सांगू नका. म्हटलं, ह्यात कायतरी काळंबेरं हाय. गोळी बंद करतील आनि बोटं पुन्हा वाकडी व्हतील, ह्याचंबी भ्या वाटलं. म्हणून न्हाई गेलो."

त्या दुपारी डॉक्टर आणि ईश्वरीनं मिळून एनसीएस लिहिलेल्या सगळ्या, अकराही फायली तपासल्या. चार जणांच्या बाबतीत डॉक्टरांनी खरंच "दखल घेण्याजोगं नाही" या अर्थानं लिहिलं होतं. सात जणांच्या नसा तपासायला हव्या होत्या, त्या कुणी तपासल्या नव्हत्या. "अक्षरं तीच लिहिली मी, दोन्हीकडं," डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले. "पूर्वी तुम्ही लोक विचारायला यायचात. आता कुणी येत नाही. मला वाटलं, फार तयार झालात."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रशिक्षण विभागाचे प्रमुख हृषीकेश वागळे यांना व्हिडिओवर गाठलं. वागळे चाळिशीचे, हसतमुख. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"या चाचणीच्या सूचीत एनसीएसचा एकच अर्थ आहे, मॅडम. डॉक्टरांनी सूचीबाहेरचा अर्थ वापरला. पट्टीचा त्यात दोष नाही."

"सूचीत एकच अर्थ ठेवा, असं कुणी ठरवलं?"

"औषध बनवणाऱ्यांची तशी विनंती होती. आणि परिणाम बघा ना. तुमच्या केंद्रातून पूर्वी तीन महिन्यांत डॉक्टरांना चारशे अकरा शंका विचारल्या जात होत्या. पट्टीनंतर नऊ." ते हा आकडा अभिमानानं सांगत होते. "अशी एकशे चाळीस केंद्रं आहेत."

एकशे चाळीस केंद्रांतली माणसं तीच तीन अक्षरं वाचत होती आणि नोंदी बंद करत होती. नेमका त्याच संज्ञेचा दुसरा अर्थ नाहीसा व्हावा, जी या गोळीचा दोष उघडा पाडू शकली असती? की हा निव्वळ योगायोग होता? वागळ्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. कदाचित त्यांच्याही कपाळावर कधी पट्टी बसली असेल.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "उद्या तुमच्यासाठी वीस मिनिटांचं दुरुस्ती सत्र पाठवतो. पट्टी लावा, डुलकी काढा."

"त्यानंतर मला दोन्ही अर्थ आठवतील?"

"तुम्हाला योग्य अर्थ आठवेल."

ईश्वरीनं कपाळावरची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "मी नाही लावणार."

वागळ्यांचं हसू तसंच राहिलं. "मग नियमाप्रमाणे तुम्ही अप्रशिक्षित ठरता. अप्रशिक्षित व्यक्तीला चाचणीच्या नोंदी उघडता येत नाहीत. तुमचा प्रवेश आज सहा वाजता बंद होईल. विचार करा."

घड्याळात सव्वा वाजला होता. तिनं विचार केला नाही. तिनं अकरा पेशंटना एकामागून एक फोन लावले. आणि यावेळी त्यांनी काही सांगितलं की तिच्या डोक्यात जी संज्ञा टपकन येऊन बसे, ती बाजूला सारून ती विचारत राहिली. म्हणजे कसं? कधीपासून? काय करताना? एक बाई म्हणाली, भाकरी थापताना पीठ हाताला लागतच नाही, तवा गरम आहे की नाही ते वासावरून कळतं. एक शिक्षक म्हणाले, चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि मी पुढं चालत असतो. ईश्वरीनं शब्द बदलले नाहीत. जसे आले तसे उतरवले. पॅरेस्थेशिया, ग्रेड वन असं ज्याला ती म्हणत होती, ते हे होतं.

साडेपाचला डॉक्टर कित्तूरांनी त्या कागदांवर सही केली. पेशंटच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला दोघांच्या नावानं पत्र गेलं. सोबत तिनं त्या जुन्या वहीच्या पानाची प्रत जोडली, आणि सिस्टरांविरुद्ध केलेली स्वतःची तक्रारही. सहा वाजता पडद्यावर तिचं नाव करडं झालं.

नवव्या दिवशी सगळ्या केंद्रांवर गोळी थांबवली. नसा खराब झालेले पेशंट इतर ठिकाणीही निघाले. पट्टीचीही चौकशी झाली आणि अहवालात "रचनेतील त्रुटी" असे दोन शब्द आले. त्रुटी होती की कुणाची सोय होती, हे ईश्वरीला कधीच कळलं नाही. तिची नोकरी राहिली, कारण डॉक्टर कित्तूर अडून बसले.

ती रशीदचाचांच्या दुकानात गेली तेव्हा त्यांनी तिला बसा म्हटलं नाही. गोळी बंद झाल्यापासून सांधे पुन्हा सुजायला लागले होते. बोटांची जाणीव परत येईल, पण वर्ष लागेल, आणि पुरी येईलच असं नाही, असं नसांचे डॉक्टर म्हणाले होते.

"सहा आठवडे आधी थांबवली असती तर?" चाचांनी विचारलं.

"कमी बिघडलं असतं," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

चाचा भोपळ्याच्या तुंब्यावरची धूळ मनगटानं पुसत राहिले. "एवढं सांगायला आलात, ते बरं केलंत," ते शेवटी म्हणाले. "आता जावा."

तिथून ती मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत आवळे सिस्टरांकडे गेली. त्यांना कामावर परत बोलावणारं पत्र चार दिवसांपूर्वीच आलं होतं आणि त्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. त्या व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. ईश्वरी पायरीवर बसली. 

"माझं चुकलं, सिस्टर."

"चुकलंच."

"तुम्ही मला विचारलं असतं तर..."

"तुला कसं विचारणार? तुझ्या कपाळाला ते लावलेलं. मला वाटलं, तू कंपनीची झालीस. डॉक्टरही त्यांचेच झाले, म्हणून तसं लिहितायत, असंही वाटलं." सिस्टरांचे हात थांबले. "अकरा फायली बघितल्या मी. डॉक्टरांना एकदा जाऊन विचारायचं होतं, याचा अर्थ काय म्हणून. आयुष्यभर पोरींना शिकवत आले, विचारा म्हणून. मीही नाही विचारलं."

ईश्वरीनं परडीतली एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागली. मग घाबरत बोलली, "माझ्या डोक्यातून आणखी काय काय गेलंय ते मला कळत नाही. वहीत वाचते, तर परक्याचं वाचल्यासारखं वाटतं. मला पुन्हा शिकवाल?"

सिस्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावर पट्टीचा फिकट वळ अजून होता.

"आरए?" त्यांनी एकदम विचारलं.

"रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. संधिवात."

"आणखी?"

ईश्वरी थांबली. काही नव्हतं. "रूम एअर," सिस्टर म्हणाल्या. "वरून ऑक्सिजन न देता, साध्या हवेत श्वास घेतोय, असं. पीटी?"

"प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठायला लागणारा वेळ."

"आणखी?"

तिनं डोळे मिटले. कुठून तरी खोलातून, धूसर असं काहीतरी वर आलं. "फिजिओथेरपी!" तिला इतका आनंद झाला की तिनं सिस्टरांचा हातच धरला.

सिस्टरांनी हात सोडवून घेतला नाही, पण त्या हसल्याही नाहीत. "आणखी?"

आता मात्र आत पक्कं उत्तर तयार होतं : संपलं, एवढेच अर्थ आहेत. त्या खात्रीला कुठं फटसुद्धा नव्हती. ईश्वरी त्या खात्रीकडेच बघत राहिली, दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"असेल आणखी," ती म्हणाली. "मला आठवत नाही. नाहीच असं वाटतंय. पण असेल. तुम्ही सांगा."

सिस्टरांनी हातातली काडी परडीत टाकली.

"पेशंट," त्या म्हणाल्या. "पीटी म्हणजे पेशंट."